कुत्रा सारखा ओकतोय, मधूनच मलूल पडतोय? आजचं नाही, चार दिवसांपूर्वीचं खाणं तपासा

दर पंधरवड्याला ठरल्यासारखं व्हायचं. खंड्या रात्री एकदा-दोनदा ओकायचा, सकाळी शी पातळ, दुपारपर्यंत बरा. मधले दोन दिवस ठीक जायचे आणि मग एकदम मलूल. बॉल टाकला तर मान वर करून बघायचा आणि परत पंजांवर टेकवायचा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जसाच्या तसा. आम्ही कोरड्या खाण्याचा ब्रँड तीनदा बदलला, जंताचं औषध वेळेआधी दिलं, पाण्याचं भांडंसुद्धा नवं आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते आमच्या घरात येऊन बघायचं.

शेवटी एका गुरुवारी सहज त्याचा ओठ वर केला तर हिरड्या पांढुरक्या. डॉक्टरांनी रक्त घेतलं. एकूण रक्तात तांबड्या पेशींचा वाटा कुत्र्यांमध्ये साधारण ३७ ते ५५ टक्के असतो, याचा २२ निघाला. काचेवर थेंब पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशींच्या कडेला बारीक फुगवटे, जणू प्रत्येकीला एकेक फोड आलाय. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "कांदा-लसूण किती देता?"

"अजिबात नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

शेजारच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, "सूपमधला चोथा देतो की मी. मऊ शिजलेला असतो, पोटाला हलका."

एका रविवाराआड बाबा मोठ्या पातेल्यात चिकनचं सूप करतात. त्यात तीन-चार कांदे आणि लसणाचा अख्खा गड्डा. सूप गाळून आम्ही प्यायचो आणि चाळणीत उरलेलं, हाडं वेचून काढून, रविवारी रात्री आणि सोमवारी खंड्याच्या भांड्यात जायचं. बाबांनी हाडं मात्र एकूण एक काढलेली असायची, ही काळजीही खरी. ओकणं त्याच रात्री व्हायचं. रक्त कमी होऊन मलूल पडायचा तो बुधवार-गुरुवारी, आणि मी दर वेळी बुधवारी काय खाल्लं याचा शोध घेत बसायचे.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. कुत्र्याला काय देऊ नये याच्या याद्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. त्रास पुन्हा पुन्हा होतो आणि कारण सापडत नाही, कारण प्रत्येक पदार्थाचं घड्याळ वेगळं असतं. लक्षण दिसलं की तिथून मागे मोजावं लागतं, आणि किती मागे जायचं ते लक्षण सांगतं.

आत्ता, या क्षणी काही खाल्लं असेल तर

पुढचं नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन करा. फोनवर चार गोष्टी लागतात: कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, जास्तीत जास्त किती खाल्लं असेल, आणि किती वाजता. वेष्टन असेल तर ते हातात घ्या, फाटलेलं असलं तरी. पाकिटावर २०० ग्रॅम लिहिलंय आणि आत निम्मं उरलंय, एवढ्यावरूनही डॉक्टर हिशोब मांडू शकतात.

लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका. खाल्ल्यापासून तास-दोन तासांच्या आत इंजेक्शन देऊन उलटी काढता येते, त्यानंतर बराचसा माल आतड्यात गेलेला असतो.

मिठाचं पाणी पाजून ओकवायचा जुना उपाय विसरा. शरीराच्या दर किलोला २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर कुत्र्याला मिठाचीच विषबाधा होते. मोठा चमचा भरून मीठ म्हणजे साधारण १७-१८ ग्रॅम, सहा किलोच्या कुत्र्याला तेवढं पुरे. घशात बोटं घालू नका. कुत्रा गुंगीत असेल, थरथरत असेल, नीट उभा राहत नसेल तर डॉक्टरांशिवाय कोणत्याही मार्गाने ओकवायला जाऊ नका, उलटी श्वासनलिकेत जाते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना हा धोका एरवीही जास्त.

अर्ध्या तासात लटपटायला लागला

कुत्रा चांगला खेळत होता आणि अचानक दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला, गळून गेला, झटका आला. इथे पहिला संशय झायलिटॉलवर. ही साखरेऐवजी वापरतात ती गोडी. माणसाच्या शरीरात तिच्यामुळे फारसं इन्सुलिन सुटत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र तिला साखर समजून भसाभस इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली खरी साखर कोसळते. बहुतेक वेळा ३० ते ६० मिनिटांत, च्युइंग गममधून हळूहळू सुटलं तर १२ तासांपर्यंतही. दर किलोला साधारण ०.१ ग्रॅम पुरतं. गमच्या एका तुकड्यात पाव ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत असू शकतं, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला एक-दोन तुकड्यांत धोका. दर किलोला अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं की यकृत निकामी होण्याची भीती असते, आणि ते कळायला एक-दोन दिवस जातात. म्हणून "साखर दिली, उठून बसला" एवढ्यावर विषय संपवायचा नाही.

घरात कुणी गम खात नसेल तरी संशय सोडू नका. बिनसाखरेच्या गोळ्या, टूथपेस्ट, माउथवॉश, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, काही पीनट बटर, यांत ते सापडतं. वेष्टनावर कधी बर्च शुगर लिहिलेलं असतं, कधी नुसतं ई ९६७. औषध भरवायला पीनट बटर वापरत असाल तर बरणीमागचं बारीक अक्षर आजच वाचा. आणि पाहुण्यांच्या पर्स. जमिनीवर ठेवलेली पर्स म्हणजे कुत्र्याच्या नाकासमोर उघडं दुकान. स्टीव्हिया आणि एरिथ्रिटॉल या गोड्यांनी असं होत नाही, त्यामुळे 'शुगर फ्री' एवढंच वाचून घाबरायचं कारण नाही, नाव वाचायचं.

याच वेळेत बसणारी आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे दारू, आणि तिच्याबरोबर यीस्ट घातलेलं कच्चं पीठ. ते पोटाच्या उबेत फुगत राहतं, पोट ताणतं आणि आतल्या आत दारू तयार करतं. ओट्यावर फुगायला ठेवलेला गोळा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर नको. दुसरं बुरशी आलेलं अन्न. चीज, ब्रेड, अक्रोड यांवरच्या काही बुरशींची विषं थेट मज्जासंस्थेवर जातात आणि अंगभर कापरं भरतं. "टाकायचंच होतं, त्याला घातलं" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथे हे आधी तपासा.

सहा ते बारा तासांनी बेचैन

रात्रभर येरझाऱ्या, धापा, सारखं पाणी, सारखी शू, छातीवर हात ठेवला तर धडधड. चॉकलेट किंवा कॉफी. कॉफीचा चोथा, चहाची पावडर, केरातल्या टी-बॅग हेही यातच आले. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, निम्मं कमी व्हायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. वर ते मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं, म्हणून अशा कुत्र्याला वरचेवर शूला न्यायला सांगतात. त्रास तीन दिवस रेंगाळू शकतो.

"आमच्या कुत्र्याने चॉकलेट खाल्लं, काही झालं नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा आकडे मांडूनच टाकते. थिओब्रोमिन आणि कॅफिन मिळून दर किलो वजनाला २० मिलिग्रॅमपासून ओकणं, जुलाब, बेचैनी सुरू होते. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला अंदाजे २.३ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५.५, बेकिंगच्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये १६, कोको पावडरमध्ये २८ च्या आसपास. आता दहा किलोचा कुत्रा घ्या. दुधाच्या चॉकलेटची शंभर ग्रॅमची वडी खाल्ली तर दर किलोला २३ मिलिग्रॅम, पोट बिघडून निभावलं. तीच वडी डार्क असेल तर ५५, हृदयाची काळजी. आणि ३० ग्रॅम कोको पावडर चाटली तर ८४, म्हणजे झटक्यांच्या हद्दीत. ज्यांच्या कुत्र्याला काही झालं नाही त्यांचा कुत्रा मोठा होता किंवा चॉकलेट फिकं होतं. पांढऱ्या चॉकलेटमध्ये तर हे जवळजवळ नसतंच, त्यातली चरबी मात्र पोट बिघडवते.

बारा तासांच्या आत मागचे पाय लुळे पडले, अंग तापलं, थरथर सुटली आणि घरात मॅकाडेमिया (हा एक सुका मेवा) असतील तर तेच. दिसायला भयंकर, पण बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांत पूर्ण उभे राहतात.

एक ते तीन दिवसांनी, आणि शू कमी झाली

द्राक्षं, बेदाणे, मनुका. मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती यांची वाटते, कारण इथे चॉकलेटसारखा हिशोब चालत नाही. पहिल्या दिवसात उलटी होते, थांबते, माणूस निर्धास्त होतो, आणि २४ ते ७२ तासांत मूत्रपिंडं बंद पडायला लागतात. आधी पाणी खूप पितो, मग शू कमी होत जाते. ती पूर्ण थांबली तर हाताशी फार काही उरत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञ पशुवैद्यांनी यामागे टार्टरिक आम्ल असावं असं मांडलं. त्यांना दुवा मिळाला तो क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड, खाल्लेल्या कुत्र्यामुळे. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही तसाच बिघाड नोंदला गेला. द्राक्षातलं हे आम्ल जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं, म्हणून एक कुत्रा घडच्या घड खाऊन मजेत असतो आणि दुसरा चार दाण्यांत दवाखान्यात जातो. मागच्या वेळी काही झालं नाही, याचा या वेळेसाठी काडीचाही उपयोग नाही. खाल्लं हे नक्की असेल तर लक्षणाची वाट न बघता जायचं. डॉक्टर उलटी काढतात, साधारण दोन दिवस सलाईन लावतात आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करतात. केकमधले, बिस्किटांतले, मुलांच्या डब्यातले बेदाणे कुणी 'द्राक्षं' म्हणून मोजत नाही, ते मोजा.

तीन ते पाच दिवसांनी मलूल

इथे आम्ही होतो. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लीक, सगळे एकाच कुळातले. त्यांच्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला अक्षरशः गंज चढवतात. त्याच्या गुठळ्या म्हणजे काचेवर दिसलेले ते फुगवटे. शरीर अशा पेशी खराब माल समजून मोडीत काढतं, आणि हे काम सुरू होऊन रक्त उतरायला काही दिवस जातात. म्हणून ओकणं रविवारी आणि अशक्तपणा गुरुवारी. लघवी लालसर-तपकिरी दिसली तर पेशी फुटताहेत असं समजायचं.

कुत्र्याला बाधायला दर किलोला १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो. खंड्या १२ किलोचा, म्हणजे १८० ग्रॅम, दीड-दोन मध्यम कांदे. लसूण कांद्याच्या तीन ते पाच पट जहाल. शिजवून विष जात नाही, तळून नाही, वाळवून तर ते आणखी दाट होतं, म्हणून कांदा पावडर आणि लसूण पावडर जास्त वाईट. तयार सूपची पाकिटं, सॉस, चिप्सवरचा मसाला, लहान मुलांसाठीचं बाटलीबंद मांस, यांच्या मागची यादी वाचा. एकदाच भरपूर खाल्लं तरी बाधतं आणि रोज थोडं-थोडं खाल्लं तरी साठत जातं. गोचिड्या पळाव्यात म्हणून लसूण चारणारे लोक मला अजून भेटतात. गोचिड्यांसाठी औषधं आहेत, ती वापरा. आकिता आणि शिबा इनू पाळणाऱ्यांनी तर फारच जपावं, या जातींना लवकर बाधतं.

हिरड्या बघायला शिका, घरबसल्या करता येण्यासारखी हीच एक खरी तपासणी आहे. बाजूचा ओठ वर उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. तिथे पांढरा ठसा उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत गुलाबी परत येतो. परत यायला वेळ लागला किंवा मुळात ठसा उमटण्याइतका गुलाबी रंगच नसला, तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. कुत्रा ठणठणीत असतानाच दोन-चार वेळा बघून ठेवा, म्हणजे त्याचा नेहमीचा गुलाबी कोणता ते डोळ्यात बसतं. मी ते केलं नव्हतं. त्या गुरुवारी पांढरं दिसलं, पण त्याआधीच्या किती गुरुवारी तसंच होतं, कोण जाणे.

विष नाही, तरी दर वेळी पोट बिघडतं

वरच्या कशातच बसत नसेल तर चरबी. मांसावरची पांढरी पट्टी, चिकनची कातडी, तळणीतलं तेल, लोणी. यातून स्वादुपिंडाला सूज येते, तीही जेवणानंतर लगेच किंवा दोन-तीन दिवसांनी. खूण अशी की कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवतो आणि ढुंगण वर ठेवून तसाच राहतो. आळस देतोय वाटतं. आळस दोन सेकंदांत संपतो, हा उभाच राहतो, कारण पोट दुखतंय. मिनिएचर श्नाउझर जातीत हे जास्त दिसतं.

दुधाने पूर्ण वाढ झालेल्या अनेक कुत्र्यांना जुलाब होतात, बंद केलं की थांबतात. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात. मक्याचं कणीस, आंबा-पीचसारख्या फळांच्या कोयी, ॲव्होकाडोचं बी आतड्यात अडकतं. अडकलेलं कणीस चक्क काही दिवस गप्प बसून मग उलट्या सुरू करतं, त्यामुळे केराच्या डब्यावरही डोळा ठेवा. सारखं ओकतोय, पोटात पाणीही टिकत नाही, शी होत नाही, असं असेल तर एक्स-रे, घरगुती प्रयोग नाहीत.

वही

खंड्याच्या दुखण्याचा उलगडा तपासणीने झाला, पण तपासणीशिवायही झाला असता. घरी येऊन मी मागच्या तीन महिन्यांचे त्याच्या ओकण्याचे फोनमधले फोटो काढले (होय, मी फोटो काढते, डॉक्टरांना दाखवायला बरे पडतात) आणि त्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या. सगळे रविवार रात्र ते सोमवार सकाळ. एकही मंगळवार नाही. कोरडं खाणं तर तो रोज खातो. त्या दोषी ब्रँडला वारांचं ज्ञान असणं अवघड होतं.

तुम्ही फ्रिजवर एक कागद लावा. दोन रकाने पुरे: काय झालं आणि कधी, कुणी काय दिलं आणि कधी. दुसरा रकाना घरातल्या प्रत्येकाने भरायचा, 'फक्त एक तुकडा' असला तरी. पुढच्या वेळी त्रास झाला की त्याच्या आदल्या पाच दिवसांच्या ओळी वाचायच्या. तीन वेळच्या ओळी शेजारी ठेवल्या की जो पदार्थ तिन्ही ठिकाणी आहे तो आपोआप वर येतो. इथे एकच पथ्य पाळा: कुणी खरं लिहिलं म्हणून त्याला बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी आरडाओरडा झाला की दुसऱ्या दिवसापासून रकाना कोरा राहतो आणि कुत्रा खातच राहतो.

'देऊ नका' म्हणून थांबणारी माणसं थोडी. बाबांना खंड्याच्या भांड्यात काहीतरी घातल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून आता त्याच्या रोजच्या खाण्यातलं दहा टक्के एका बरणीत काढून ठेवलंय, ती बरणी बाबांची. शिवाय काकडी, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन, हे त्यांनी हवं तेव्हा थोडं द्यावं. सूप अजून होतं. फक्त कांदा-लसूण घालायच्या आधी बाबा चिकनचे चार तुकडे वेगळ्या भांड्यात उकडून घेतात.

कांद्यावर उतारा नाही. खाणं थांबवायचं, लक्ष ठेवायचं, फारच उतरलं तर रक्त द्यायचं. खंड्याला रक्त द्यावं लागलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर २२ चे ३९ झाले होते आणि काचेवर फोड नव्हते. चाळणीतला चोथा आता झाकणाच्या डब्यात जातो. झाकण पायाने उघडतं, आणि ती कळ कुठे आहे हे खंड्याला चौथ्या दिवशी समजलं, म्हणून डबा ओट्याखालच्या कपाटात ठेवलाय.